पट्टीचे उजवे टोक

नाव जरा अवघड आहे, पण मित्रांनो, त्याने बिचकू नका. मी एक जुना गॅल्व्हानोमीटर आहे. तारेतून वाहणारी वीज किती, हे दाखवणे एवढेच माझे काम. दिसायला मी म्हणजे एक उभा पितळी डबा. पोटात बारीक तारेची गुंडाळी टांगलेली आणि गुंडाळीला चिकटवलेला नखाएवढा आरसा. वीज आली की गुंडाळी किंचित वळते, तिच्याबरोबर आरसा वळतो. आरशावर दिव्याची तिरीप पडलेली असते. ती उलटून समोरच्या लांब पट्टीवर प्रकाशाचा ठिपका होऊन बसते. पट्टीच्या मध्यावर शून्य. वीज जितकी जास्त, तितका ठिपका शून्यापासून लांब. वीज उलटी सोडली की ठिपका दुसऱ्या बाजूला. एवढे समजले तर माझी पुढची सगळी गोष्ट तुम्हाला समजेल, कारण तिचे सारे दुःख त्या पट्टीतच आहे.

मला घडवणारा कारागीर शांत माणूस होता. माझ्या पोटातली गुंडाळी टांगताना तो श्वास रोखून धरी. खिडक्या बंद, पंखा बंद, घरच्यांचे चालणे-बोलणे बंद. त्याची बायको दाराआडून विचारी, "आता शिंकायची तरी मुभा आहे का, की तीही उद्या?" आणि मग स्वतःच हसू आवरत निघून जाई. त्या घरातले हसू आणि ती शांतता, दोन्ही घेऊन मी जगात आलो.

एका महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागात मला आणले. खोली अरुंद, भिंतींना निळसर चुना, एकच उंच खिडकी. तिथे एक तरुण प्राध्यापक माझी वाट पाहत होते. सगळे त्यांना सर म्हणत, म्हणून मीही सरच म्हणतो. त्यांनी एका फळीवर मिलिमीटर छापलेली कागदाची पट्टी स्वतःच्या हाताने गोंदाने चिकटवली, पोलादी मोजपट्टी तिच्याशेजारी धरून घर अन् घर तपासले, आणि फळी माझ्यासमोर उभी केली. दिव्याला जागा मिळेना. डावीकडे दार उघडायचे. तेव्हा दिवा उजव्या टोकाशी ठेवला. मित्रांनो, मोठमोठ्या आपत्ती कधी कधी अशा साध्या अडचणीतून उगवतात. दाराला उघडायला जागा हवी होती, एवढेच.

सरांचा एक नेम होता. सकाळी कुणी यायच्या आत ते हात धुऊन यायचे, मऊ फडक्याने माझी धूळ पुसायचे, माझे तिन्ही पाय स्क्रूने वरखाली करून मला समतोल करायचे आणि ठिपका स्थिर होईपर्यंत हात बांधून उभे राहायचे. कधी त्यांची लहान मुलगी बरोबर असे. ती उड्या मारू लागली की सर बोटाने खूण करायचे, "हळू, त्याला चक्कर येईल." ती मग चवड्यांवर चालायची. माझी इतकी काळजी पुन्हा कुणी घेतली नाही.

सर एका नव्या मिश्रधातूच्या तारेचा अभ्यास करत होते. प्रत्येक वेळी ते वीज एकदा सुलट आणि एकदा उलट सोडत. ठिपका डावीकडे किती गेला ते एका रकान्यात, उजवीकडे किती गेला ते दुसऱ्या रकान्यात, आणि दोन्हींची सरासरी तिसऱ्या रकान्यात. ही रीत चांगलीच आहे, पुष्कळ लहानसहान चुका तिच्यात आपोआप पुसल्या जातात. त्या सरासरीवरून सरांनी आलेख काढला, तर नेहमीच्या तारेसारखी सरळ रेघ येईना. वीज वाढली की रेघ वर वाकत होती. तारेत काहीतरी नवे आहे असे सरांना वाटले. त्यांनी शोधनिबंध लिहिला, तो छापून आला. विभागप्रमुखांनी पाठ थोपटली. लांबलांबून लोक मला बघायला येऊ लागले आणि सर संकोचून म्हणायचे, "श्रेय यंत्राचं आहे हो, मी फक्त ठिपका बघितला."

मग दुसऱ्या दोन प्रयोगशाळांनी तशाच तारा तपासल्या. त्यांची रेघ सरळ आली. अगदी दोरी ताणावी तशी.

विभागप्रमुख एका दुपारी खोलीत आले. बसले नाहीत.

"सर, एक विचारतो, राग मानू नका. आकडे वाकवलेत का?"

"मी जे दिसलं ते लिहिलं."

"मग ते जगात फक्त तुम्हालाच का दिसतं?"

सरांनी त्यांच्यासमोर प्रयोग पुन्हा केला. माझ्यावर, त्याच दिव्याने, त्याच पट्टीवर. रेघ पुन्हा वाकली. विभागप्रमुख म्हणाले, "अहो, हात तुमचा, यंत्र तुमचं, पट्टी तुमची. दुसरं काय येणार?" आणि निघून गेले.

मला खरे काय ते ठाऊक होते. वर्षानुवर्षे उजव्या टोकाशी दिवा जळत होता. त्याच्या धगीने तिथला गोंद सुटला होता आणि कागद वाळून आक्रसला होता. मिलिमीटरची घरे एकमेकांना बिलगून बसली होती. ठिपका होता तिथेच पडे, पण आकडा मोठा वाचला जाई. सरांनी पट्टी पहिल्या दिवशी तपासली होती, नंतर नाही. रोज ज्याच्याकडे बघायचे त्याच्यावर संशय तरी कसा यावा? ती चूक होती, लबाडी नव्हती. पण हे मी सांगणार कसे? देवाने मला वाचा दिली ती एवढीच, ठिपका डावीकडे आणि ठिपका उजवीकडे.

सरांकडून संशोधन काढून घेतले गेले. ते पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवू लागले. माझ्या खोलीला कुलूप लागले. लोक उघड काही बोलत नसत, पण कुणी हिशेबात गडबड केली की विभागात हळूच म्हटले जाई, "काय रे, सरांकडे शिकलास वाटतं?" मग हसू. सर तिथेच कुठेतरी असत. ऐकून न ऐकल्यासारखे करत.

अशी काही वर्षे गेली आणि पहिल्या वर्षी सरांच्याच वर्गात शिकलेली एक मुलगी विभागात संशोधन करू लागली. पुढे ती मोठी भौतिकशास्त्रज्ञ झाली आणि तिचे विद्यार्थी तिला बाई म्हणू लागले, म्हणून मी आत्ताच बाई म्हणतो. पायांत भिंगरी, हातात सतत पेचकस, आणि यंत्रांशी गप्पा मारायची सवय. विभागप्रमुखांनी तिला तोच प्रयोग नव्याने करायला सांगितला. "एकदा सोक्षमोक्ष लागू दे," ते म्हणाले.

बाईंनी कुलूप उघडले आणि मला बघून कमरेवर हात ठेवले. "अगं बाई, काय हा अवतार! चल, तुला माणसात आणू."

मित्रांनो, त्या दिवशी मी किती सुखावलो होतो म्हणून सांगू! त्यांनी माझे पितळ घासले, आरसा पुसला, दिव्याची जागा बदलली आणि त्याला नवी काच बसवली. मग त्यांचे लक्ष पट्टीकडे गेले. पिवळी पडलेली, डागाळलेली. त्यांनी ओल्या स्पंजने कागद भिजवला आणि पातीने खरवडू लागल्या. डावी बाजू आणि मधला भाग सुटता सुटेना. घाम आला. पण उजवे टोक न भिजवताच अलगद हातात आले, वाळक्या पानासारखे वळलेले.

"हे तर आपणहूनच आलं!" त्या खुशीत हसल्या. चुरगाळले आणि टोपलीत टाकले.

थांब, पोरी, थांब, असे मी आतून ओरडत होतो. पण माझ्यातून वीज वाहत नव्हती. ठिपका शून्यावर गप्प बसून होता.

बाईंनी नवी, गुळगुळीत, पांढरीशुभ्र पट्टी लावली. दोनतीन दिवसांनी सर दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

"पट्टी बदललीस वाटतं?"

"हो सर. फारच जुनाट झाली होती. तुम्हाला चालेल ना?"

"मला काय, आता तुझं आहे." सर जरा घुटमळले. "छान दिसतंय."

बाईंची रेघ सरळ आली. सुरेख, निर्दोष. परीक्षक प्रयोगशाळेत आले, त्यांनी स्वतः ठिपका पाहिला आणि विभागप्रमुखांकडे वळून म्हणाले, "चला, ते जुनं प्रकरण एकदाचं मिटलं." बाई आनंदाने लाल झाल्या होत्या. दाराशी उभ्या असलेल्या सरांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला आजही नकोशा वाटतात.

त्या प्रबंधावर बाईंना नाव मिळाले, परदेशातल्या मोठ्या प्रयोगशाळेचे बोलावणे आले आणि त्या निघून गेल्या. इकडे आकडे थेट दाखवणारी नवी यंत्रे आली. मला जिन्याखाली नेऊन ठेवले. तिथे मोडक्या खुर्च्या, फुटक्या बाटल्या आणि कोळ्यांची वस्ती. कुणी घासले नाही, कुणी पुसले नाही. येता-जाता एखाद्याची चप्पल लागे. "काय अडगळ आहे ही!" एवढेच कानी पडे. सर निवृत्त झाले तेही मला लोकांच्या बोलण्यातूनच कळले.

पुष्कळ वर्षांनी बाई परत आल्या, प्राध्यापक होऊन. केस पांढरे झाले होते, पायांतली भिंगरी थांबली होती. तिकडे असताना त्यांना एक वेगळेच वेड लागले होते. जुन्या शास्त्रज्ञांनी प्रयोग कसे केले, कोणत्या यंत्रावर केले, कुठे फसले, याचा त्या अभ्यास करू लागल्या होत्या. विज्ञानाचा इतिहास. सहकारी चिडवत.

"बाई, नवीन प्रयोग जमेनासे झाले की काय? गोष्टी सांगायला लागलात."

बाई हळूच म्हणायच्या, "प्रयोग म्हणजेही गोष्टच असते हो. आपण फक्त शेवटचं पान वाचतो."

त्यांचे यजमान एकदा त्यांना न्यायला आले तेव्हा म्हणाले, "आमच्या घरात केर काढायलासुद्धा परवानगी लागते. न जाणो, इतिहास असायचा." सगळे हसले. बाईही हसल्या. तेव्हा त्यांना काय ठाऊक होते!

नव्या विभागप्रमुखांनी त्यांना विभागाचा इतिहास लिहायला सांगितला आणि जाता जाता म्हणाले, "ते सरांचं प्रकरण दोन ओळींत उरका. लोकांना चघळायला नको." बाईंनी मान हलवली. पण ज्यांनी कुणाचे काम दोन ओळींत उरकायचे नाही असे व्रत घेतले आहे, त्यांच्याकडून ते व्हायचे नव्हते. सरांचा शोधनिबंध त्यांनी काढला. तरुणपणी त्यांनी तो वाचला होताच, पण भौतिकशास्त्राचे लोक वाचतात तसा, शेवटचा सरासरीचा रकाना तेवढा. सगळ्या जगाने तोच वाचला होता. आता त्यांनी पहिले दोन रकाने वेगवेगळे घेऊन दोन आलेख काढले.

डाव्या बाजूची रेघ सरळ होती. अगदी त्यांच्या स्वतःच्या रेघेसारखी. वाकली होती ती फक्त उजवी.

त्या तशाच जिन्याखाली आल्या. खुर्च्या सरकवल्या, मला आणि माझ्या फळीला बाहेर काढले, पदराने धूळ झटकली. मोठ्याने स्वतःशी बोलत होत्या. "ज्याला आकडे वाकवायचे तो दोन्ही बाजू वाकवेल. एकच कशाला वाकवेल? म्हणजे दोष उजवीकडे होता. पट्टीच्या उजव्या..." आणि त्यांचा हात पट्टीवर पोचला. गुळगुळीत, पांढऱ्या, नव्या पट्टीवर.

त्या खालीच बसल्या, त्या धुळीत.

"आपणहून आलं होतं," त्या पुटपुटल्या. "न भिजवता. मी हसले होते."

माझी पट्टी कोणी बदलली हे शोधायला त्यांना कुठे जायचे नव्हते.

पुढच्या आठवड्यात त्यांनी सरांना बोलावून आणले. सर आता काठी टेकत, मुलीचा हात धरून आले. मुलगीही मोठी झाली होती, चष्मा लागला होता. मला तोवर विभागाच्या दालनात काचेच्या कपाटात ठेवले होते. सरांनी काचेवर तळहात टेकवला.

"ओळखलंस का रे?" त्यांनी मला विचारले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला प्रश्न विचारला, आणि माझ्या तारा तेव्हा कशालाच जोडलेल्या नव्हत्या.

बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि सगळे सांगितले. दोन रेघा दाखवल्या. टोक आपणहून सुटल्याचे सांगितले. शेवटी म्हणाल्या, "सर, पुरावा माझ्या हातात होता. मी तो टोपलीत टाकला. आणि त्यावर माझी पदवी उभी आहे."

सर बराच वेळ त्या दोन रेघांवरून बोट फिरवत राहिले. "उजवीकडे," ते म्हणाले. "दिवा. दाराला जागा नव्हती म्हणून. अगं, मी एकदा, एकदा जरी पुन्हा मोजपट्टी लावली असती!"

मुलीला राहवले नाही. "ताई, मग लिहून टाका ना. पट्टी खराब होती, टोक सुटलं होतं, घरं आक्रसली होती. लिहा की तपासून बघितलं होतं. आता कोण बघायला येतंय? बाबांचं वय बघा. मी लहानपणापासून शाळेत ऐकत आलेय, आकडे वाकवणाऱ्याची मुलगी म्हणून."

मी बाईंचा चेहरा पाहत होतो. एकच वाक्य लिहायचे होते. ते खरेही होते, हे मी शपथेवर सांगतो. फक्त त्यांनी तसे तपासले नव्हते. टोक सुटले एवढेच त्यांना आठवत होते. घरे आक्रसली होती की नाही, हे त्यांनी पाहिलेच नव्हते. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तुम्ही म्हणाल तर लिहीन. माझ्यावर तेवढं देणं आहे तुमचं."

"नको," सर म्हणाले.

"बाबा!"

"नको गं. आयुष्यभर आकडे वाकवले म्हणून ऐकलं. आता कुणी माझ्यासाठी खरोखरच वाकवायला नकोत." मग बाईंकडे वळून ते म्हणाले, "तू जे पाहिलंस तेवढं लिही. जे नाही पाहिलंस, ते नाही पाहिलं म्हणून लिही. मी तुला पहिल्या वर्षी दुसरं काय शिकवलं?"

मुलगी खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि डोळे पुसू लागली. मित्रांनो, माझ्या मते त्या क्षणी सरांचा निकाल लागला होता. जो माणूस स्वतःच्या अब्रूसाठी एक वाक्य वाकवू देत नाही, तो तारेच्या तुकड्यासाठी आकडे काय वाकवणार? पण अशा गोष्टी आलेखावर काढता येत नाहीत आणि शोधनिबंधात पुरावा म्हणून चालत नाहीत.

बाईंनी लिहिले. छापण्याआधी त्यांनी ते कपाटापाशी उभे राहून सरांच्या मुलीला वाचून दाखवले. डाव्या-उजव्या रकान्यांविषयी लिहिले होते, दिव्याच्या जागेविषयीही. शेवटी असे होते: "पट्टीचे उजवे टोक आक्रसले असण्याची शक्यता मोठी आहे. मात्र हे आता सिद्ध करता येत नाही, कारण मूळ पट्टी प्रस्तुत लेखिकेने न तपासता टाकून दिली. दोष त्या निष्काळजीपणाचा आहे."

"हे छापलंत तर लोक तुमच्या प्रबंधाकडे बोट दाखवतील," मुलगी म्हणाली.

"दाखवू देत. बोट दाखवायला आता माणूस तरी योग्य मिळेल."

लेख छापून आला. थोड्यांनी वाचला. काहींनी सरांना पत्रे पाठवली, काहींनी खांदे उडवले, आणि काहींनी नेहमीप्रमाणे शेवटच्या ओळी तेवढ्या वाचून म्हटले, "म्हणजे ठरलं काहीच नाही तर." सरांनी मुलीकडून लेख वाचून घेतला. मग म्हणाले, "तिने स्वतःला फार लावून घेतलंय. तिला सांग, जेवत जा वेळेवर." त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. बाई अजूनही येतात, पण माझ्यापुढे फार थांबत नाहीत.

आता शाळांची मुले मला बघायला येतात. "किती चकाचक आहे!" म्हणतात. मला चकाचक म्हटलेले आवडत नाही, पण तुम्हाला ते कसे कळणार, तुम्ही तर कौतुकानेच म्हणता.

मित्रांनो, हात जोडता आले असते तर जोडून सांगितले असते. जुन्या वस्तू जरूर दुरुस्त करा, त्यांना ऊन-वारा दाखवा, आमचा कंटाळा करू नका. पण जे काढून टाकाल ते टोपलीत टाकण्याआधी एकदा उजेडात धरून बघा. आणि ज्याच्या हाताखाली ती वस्तू राबली, ते माणूस हयात असेल तर आधी त्याला हाक मारा. फार लांब जावे लागत नाही. बाई ते वाळके टोक हातात घेऊन हसत होत्या, तेव्हा सर भिंतीपलीकडच्याच वर्गात शिकवत होते. त्यांचा आवाज आमच्या खोलीत स्पष्ट ऐकू येत होता.